‘पुदिएरा’ या टोपणनावाबद्दल तक्रार

तीर्थरूप ओनोरातोदादांना त्यांच्या छळलेल्या मेहुण्याचा, म्हणजे एवेलिओचा, साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? तांदूळ घातलेली सॉसेजं पोचली का? (अस्सल बुर्गोसची आहेत. तुमच्या सालामांकात सॉसेज म्हणून जे खातात त्याबद्दल मी तुमचा मान राखून गप्प बसतो.) इकडे मिरच्या यंदा बऱ्या आल्या. तुमची धाकटी बहीण ओब्दुलिया ठणठणीत आहे. मी नाही.

दादा, एक विचारू? ही मुलगी भाषेची शिक्षिका व्हायला निघाली तेव्हा तुम्ही तिला अडवलं का नाही? तुमच्याकडे ‘जर’ म्हटलं की पुढच्या क्रियापदाला वेगळे कपडे चढवावे लागतात. जे घडलं नाही, घडणारही नाही, त्याच्यासाठी एवढा थाट! आमच्या गावात पणजोबांपासून सगळे ‘मला शक्य झालं तर’ यासाठी सरळ ‘पोद्रिया’ म्हणतात आणि कोणाचं काही अडलेलं नाही. पण पुस्तकात म्हणे ‘पुदिएरा’च पाहिजे. लग्न झाल्यापासून ओब्दुलिया मला सूप पिताना, दाढी करताना, एकदा तर दात उपटून घेताना सुधारत आली आहे. मी सोसलं. घरातलं घरात होतं.

पण जूनमध्ये आमच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला अर्धं गाव जेवायला होतं. कोकराचं मटण संपलं, मी पेला घेऊन उभा राहिलो आणि (तुम्ही माझ्या शेजारीच होतात, पण तुमचं लक्ष हाडाकडे होतं) म्हणालो, ‘मला पुन्हा निवडता आलं, तर ओब्दुलिया, मी तुलाच निवडीन.’ अर्थात ‘पोद्रिया’ वापरून. बायका डोळे पुसायला लागल्या. ओब्दुलियानेही रुमाल डोळ्यांना लावला आणि रुमालाच्या आडून म्हणाली, ‘पुदिएरा.’

दुसऱ्या दिवशी पाव आणायला गेलो तर बेकरीवाली प्राक्सेदेस म्हणते, ‘या पुदिएरा! आज एक देऊ की दोन?’ संपलं! तुम्ही शहरातले, तुम्हाला यातलं गांभीर्य कळायचं नाही. आमच्याकडे टोपणनाव वारशाने जातं. माझे आजोबा एकदा चर्चमध्ये घोरले म्हणून आम्ही तीन पिढ्या ‘घोरे’ होतो. ते मला मान्य होतं, घोरणं माणसाला शोभतं. पण माणूस मेला की चर्चच्या दारावर जो कागद लागतो, त्यावर नावाखाली कंसात टोपणनाव छापतात, नाहीतर कोण गेलं ते गावाला कळत नाही. म्हणजे माझ्या खाली बायकोने काढलेली चूक छापणार, आणि माझ्या नातवंडांच्याही!

मी घरात ‘जर’ म्हणणंच सोडलं. ‘पाऊस आला तर दोरीवरचे कपडे काढ’ म्हणायच्या ऐवजी पाऊस येईपर्यंत थांबायचो आणि मग ओरडायचो. त्यात सरपंचांनी ऑगस्टच्या जत्रेचं उद्घाटनाचं भाषण मला दिलं. म्हटलं, डाग धुवायची हीच संधी. तिचं जुनं पुस्तक घेऊन भाजीच्या मळ्यात बसलो. ‘करणं’चं इसिएरा, ‘असणं’ आणि ‘जाणं’ या दोघांना मिळून एकच फुएरा (दोन भावांत एक कोट!). सगळं घोकलं. जत्रेच्या दिवशी पंचायतीच्या सज्जातून छाती काढून म्हणालो, ‘मला पुन्हा निवडता आलं, तर हेच गाव आणि हीच बायको निवडीन.’ ‘पुदिएरा’ लख्ख म्हणालो. आणि खाली पहिल्या रांगेतून तुमची बहीण ओरडली, ‘पोद्रिया!’

माझा पारा चढला. ‘अगं, बरोबर बोललो ना!’

‘बरोबर बोलायला तुला कोणी सांगितलं? त्या दिवशी म्हणालास तसं म्हण!’

म्हटलं. काय करणार? बँड सुरू झाला, तिने रुमाल काढला आणि यावेळी रुमालाआडून काहीही बोलली नाही. मीही बाहीने डोळे पुसले, खोटं कशाला बोलू? पण सांगा, चुकलं तरी बोलणी, बरोबर आलं तरी बोलणी, माणसाने जगायचं कसं?

तुमचा त्रासलेला,
एवेलिओ

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. गाव आता तिला ‘पोद्रिया’ म्हणतं. जन्मभर व्याकरण शिकवलेल्या बाईच्या नावाखाली कंसात हे छापणार. त्या दिवसापासून तिने मला एकदाही सुधारलेलं नाही. मी मुद्दाम ढोबळ चुका करतो, ती पावाची टोपली पुढे सरकवते. दादा, घर खायला उठतं. तुम्ही थोरले आहात, तिला दोन ओळी लिहा, मला पहिल्यासारखं बोल म्हणावं. हात जोडतो.

ता. क. २. लिहू नका. आत्ताच मी स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडलो, ‘तिकीट असलं तर पत्र आजच टाकीन!’ आमच्या पद्धतीने, ‘तेंद्रिया’ म्हणून. आतून पळी आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ, ‘तुविएरा!’ काय वैताग आहे हो या बाईचा! तिकीट मिळालं, पत्र टाकतो.