चक्क्यांच्या पेट्या आणि माझी चिठ्ठी

नांदूरघाट,
दि. २० नोव्हेंबर १९९६

ती. श्रीशैलमामा यांस,
कावेरीचा साष्टांग नमस्कार. आधी घडलं ते क्रमानं लिहिते.

१. दसऱ्यानंतर जिनिंगचे मालक मोहनराव म्हणाले, बारा जुने स्टार्टर पाडव्यापर्यंत ठीक करा, नाहीतर पुण्याहून नवे येतील आणि जुने भंगारात जातील.
२. काम आमच्या दगडाबाईंच्या वर्कशॉपनं घेतलं.
३. माझ्या एका चिठ्ठीमुळे काम अकरा दिवस अडलं.
४. बाराही स्टार्टर चालू आहेत.

तुमची तब्येत बरी असेल. मामींचा गुडघा कसा आहे, हे आईनं विचारायला सांगितलं आहे (मीही विचारते आहे). तुम्ही पुण्याच्या स्टार्टरच्या कंपनीत माझ्यासाठी शब्द टाकून ठेवलात आणि लिहिलंत, "बाईंचं दुकान बसलं की ये." ते पाडव्याला बसणार की नाही, हे ठरायचं होतं, म्हणून उत्तराला उशीर झाला.

जुना स्टार्टर म्हणजे तेलानं भरलेली लोखंडी पेटी. मोटर सुरू करताना आतले तांब्याचे काँटॅक्ट तेलात एकमेकांना टेकतात. आम्ही पेटी आणि आतल्या पट्ट्या तशाच ठेवतो, तेल काढतो, संरक्षणाचा रिले नवा बसवतो आणि काँटॅक्ट दुसऱ्या जुन्या स्टार्टरमधले चांगले बघून लावतो. जळक्या कॉइलचं तांबं वितळून पुन्हा तार होऊन येतं. (कॉलेजात आम्हाला यंत्राचं आयुष्य शिकवलं. बाई त्याचा पुनर्जन्म करतात. पुनर्जन्माचं पुस्तक मला मिळालेलं नाही.) मोहनरावांच्या बारांसाठी काँटॅक्टचे बारा संच हवे होते आणि हाताशी होते पाच. तसेच स्टार्टर आसपासच्या गावांतल्या पिठाच्या चक्क्यांवर होते. तेव्हा चक्कीवाल्यांना आमच्याकडचे तयार छोटे स्टार्टर द्यायचे आणि बदल्यात त्यांचे जुने घ्यायचे, असं मी ठरवलं. जुनी पेटी एसटीनं यायची होती आणि तेल सांडलं तर कंडक्टर पेटीसकट उतरवतो, म्हणून प्रत्येक तयार स्टार्टरला मी चिठ्ठी बांधली: "जुनी पेटी रिकामी करून परत करावी."

आठ दिवस एकही पेटी आली नाही. नवव्या दिवशी सुग्रीव चक्कीवाल्याची आली. आतून चिंचेनं घासलेली, शेवटचा स्क्रूसुद्धा काढलेला, आणि काठोकाठ ज्वारीचं पीठ. दुसरीत गूळ होता (दुपारच्या उन्हानं तो पट्ट्यांच्या खाचांत उतरला होता, मुंग्या पाटोद्याहून तिकीट न काढता आल्या होत्या). तिसरीत करंज्या. काँटॅक्ट एकीतही नाहीत. शेजारणीचा डबा रिकामा परत देत नाहीत हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तो नियम तीन फेजच्या स्टार्टरला लागू आहे, हे ठाऊक नव्हतं.

मी सुग्रीवला गाठलं. तो म्हणाला, "ताई, तुमीच लिवलं की रिकामी करा. केली. पर रिकामी पेटी बाईमाणसाच्या दारात कशी धाडावी? लई वंगाळ दिसतं." मग बाकीचे का थांबलेत? "त्यांची दिवाळीची चकली व्हायचीय." आणि आतलं सामान? "हाय की, गोठ्यात."

बाई हसल्या नाहीत. एक करंजी खाल्ली, सारण कमी आहे म्हणाल्या आणि मला म्हणाल्या, "बये, लोकांस्नी रिकामं धाडता येत न्हाई, तर तू भरायलाच सांग की." त्यांनी सांगितली तशी चिठ्ठी मी अक्षर न बदलता लिहिली: "पेटी भरूनच द्यावी. आतून जे काढलं तेच भरावं. तेल आणि फराळ घालू नये." तीन दिवसांत सगळ्या पेट्या आल्या. एकानं जागा उरली म्हणून शेजाऱ्याच्या बंद पडलेल्या स्टार्टरचं सामानही कोंबलं होतं. अर्धवट भरलेलं बरं दिसत नाही, असा निरोप होता. हवे होते सात, निघाले नऊ संच.

बाईंविषयी दोन निरीक्षणं. त्या काँटॅक्टची झीज अंगठ्यानं बघतात. मी मायक्रोमीटरनं मोजली आणि एकही निवड बदलावी लागली नाही. गिऱ्हाइकाला सुनेची हकीकत सांगत त्या कॉइलला वेढे देतात. मी तीन कॉइली उकलून मोजल्या. एक वेढाही कमीजास्त नव्हता. (उकललेल्या कॉइली मला पुन्हा गुंडाळाव्या लागल्या. त्यातल्या दोन चुकल्या.) मला हे आवडलं नव्हतं. आता आवडतं.

पाडव्याला मोहनरावांनी शेवटचं बटण स्वतः दाबलं, हात लांब करून, तोंड फिरवून. मोटर चालू झाली. मग ते म्हणाले, "बाई, पुण्याचा माणूस म्हणत होता, ह्या पेट्या म्युझियमात ठेवा." बाई म्हणाल्या, "त्यालाच ठिवा तिकडं. पेट्यांना हितं काम हाय."

तुमची,
कावेरी

ता. क. १: वरून लक्षात आलंच असेल, दुकान बसलेलं नाही. मी पुण्याला येत नाही. तुम्ही माझ्यासाठी शब्द खर्च केलात, याची मला जाणीव आहे.

ता. क. २: तो शब्द वाया जाऊ नये. ती कंपनी नवे स्टार्टर देताना गिऱ्हाइकांचे जुने उचलते आणि असे चाळीस मागच्या आवारात गंजत पडले आहेत, असं तुम्हीच लिहिलं होतं. आणखी दोन जिनिंगनी आम्हाला काम दिलं आहे आणि या भागातल्या चक्क्या संपल्या. माझ्या जागेसाठी ज्यांना भेटलात त्यांनाच पुन्हा भेटून, ते चाळीस जुने स्टार्टर आम्हाला मिळतील का, एवढं विचारावं. खरं तर पत्र यासाठीच आहे.

ता. क. ३: आईला ता. क. १ मधलं काही माहीत नाही. ते तुम्हीच कळवावं. तुम्ही धाकटे असल्यामुळे तुमच्यावर ती ओरडते, पण नंतर ऐकते.

शनिवार, दि. ३० नोव्हेंबरपर्यंत उत्तर मिळावं.