पड आणि पडीक

प्रिय मनाक्का,

फोनवर तुझा आवाज ऐकला की माझं धाडस गळतं, म्हणून लिहितोय. अक्षराला नावं ठेवू नकोस, बाराखडी तूच गिरवून घेतलीस. तू पाठवलेली सीताफळं पोचली. परभणीच्या खोलीवर एकट्यानं खाल्ली, ऑफिसात कुणाला एक दिलं नाही. कुठली म्हणून विचारलं असतं, तर आपल्या माळाचं नाव घ्यावं लागलं असतं.

चैत्रात पेट्रोलच्या पाइपलाइनची मोजणी करायला मी साहेबांबरोबर वाडीवर आलो होतो. कंपनीच्या टोपीतला भाऊ बघून तुला केवढा आनंद. साहेबांना तू दोनदा चहा पाजलास. मग माळ दाखवायला तूच पुढं झालीस. तीन वर्षं पेरायचं, तीन वर्षं सोडायचं, सोडल्यावर शेरडं कुठं चरतात, सीताफळं कोणी तोडायची, सगळं सांगितलंस. साहेबांना मराठी येत नव्हतं. बाई काय म्हणते, त्यांनी मला विचारलं. तू म्हणाली होतीस, "ही पड हाय, भुजंगा. निजलीय, मेली न्हाई. पुढच्या साली उठवायची."

मी सांगितलं, पडीक आहे, कुणी वापरत नाही. तेच मोजणीच्या कागदावर रकान्यात लिहिलं.

फरक मला कळत नव्हता असं नाही. आपण आंध जमातीची माणसं. सातबाऱ्यावर नाव नसलं तरी पणजोबापासून तो माळ कसतोय, हे मला कोणी शिकवायला हवं होतं? पण वापर आहे असं लिहिलं असतं तर वाडीची बैठक, जबाब, पुन्हा फेरी. साहेब घाईत होते, आणि मला त्यांच्यापुढं कामाचा माणूस व्हायचं होतं. लाज वाटते अक्का. पाइप पुरला की तिथं ना विहीर खणता यायची, ना झाड लावता यायचं. निजलेली जमीन मीच मेली म्हणून सांगून आलो.

मागच्या मंगळवारी तू जिंतूरच्या बाजारात तलाठ्याला धरलंस, खोटा कागद त्यानंच केला म्हणून. तो बिचारा लेकराच्या शपथा घेत होता. मी तुझी पिशवी धरून शेजारीच उभा होतो आणि आपल्या बुटांकडं बघत होतो. नंतर तू मला भजी खाऊ घातलीस, तीही मी खाल्ली.

सोबत त्या कागदाची झेरॉक्स आहे. अक्षर तू ओळखशील. 'पडीक'मधला ड अगदी तुझ्या वळणाचा आहे. गुरुवारी जिंतूरला पाइपलाइनच्या हरकतींची सुनावणी आहे, साहेबही असतील. मी येतोय, हे खोटं माझं आहे असं सगळ्यांसमोर सांगायला. नोकरी जाईल, जाऊ दे. माळ वाचेलच असं मात्र म्हणवत नाही. वाटलं तर मला शेजारी उभं करू नकोस, पण साहेबांनी विचारलं की ते वाक्य पुन्हा एकदा म्हण. या वेळी मी ते जसंच्या तसं सांगेन.

तू म्हणशील तर अजूनही तुझाच,
भुजंग