ओदीलचा तिकोनी तुकडा

३ मे १९२७
वाटणी झाली म्हणे! माझ्या भावाला, आल्फेला, मातीआड करून महिना नाही झाला. त्याच्या शेताची नदीकाठची कड दोरीनं मोजली — सहा आर्पां, एक आर्पां म्हणजे ऐंशीएक पावलं. तीन लेआंद्रला, तीन ओदीलला. "बघ आत्या, बहीणभावाला सारखं!" — लेआंद्र. त्याची बायको फिलोमेन मान डोलावत होती. ओदील खाली बघून दोरी गुंडाळत होती.

सारखं? डोंबल! त्याचा पट्टा मागे जंगलापर्यंत तेवढाच रुंद जातो. तिचा शेजाऱ्याच्या तिरक्या कुंपणापायी निमुळता होत होत टोकाला संपतो.

४ मे
डोकं अजून तापलेलं. शाळा मी पाहिली नाही, पण गोधड्या शिवण्यात जन्म गेला. चौकोन कोपऱ्यातून कोपऱ्यात कापला की दोन त्रिकोण, प्रत्येक निम्मा. तीन रुंद, तीस खोल — त्याला नव्वद चौरस आर्पां, तिला पंचेचाळीस!

५ मे
लेआंद्रपुढे कापड कापून दाखवलं. "आत्या, इथे जमीन नदीवर मोजतात. आजोबांनी तशीच मोजली." आजोबांचे पट्टे मागेही तेवढेच रुंद होते रे गाढवा! "मग तूच घे तिकोनी," म्हटलं. "मला पाच तोंडं भरायचीत." — आणि ती काय वारा खाऊन जगेल? फिलोमेन म्हणे, "सूप निवतंय, आत्याबाई." तसंच टाकून उठले.

७ मे
ओदीलवरच ओरडले. "तोंडात गवत कोंबलंय का तुझ्या?"
"दादाशी भांडून जाऊ कुठे?" रडायलाच लागली. मग जवळ घेऊन समजावलं — नदीच्या कडेचा मध्य आहे तोच ठेव. मागची कड तीनच आर्पां, तिचाही मध्य धर. दोन्ही जोड. दोघांना साडेसदुसष्ट!
"तिरकं कुंपण? लोक हसतील, आत्या."

८ मे, रविवार
हसलेच. चर्चच्या पायरीवर लेआंद्र सगळ्यांदेखत — "आमची आत्या आता जमिनीचीही गोधडी शिवणार!" फिलोमेन हातमोजा तोंडाला लावून हसली. मेल्यांनो, गोधडीत तरी तुकडे मोजून घेतात!

१० मे
उद्यापासून कुंपण. सरळ. लेआंद्रनं खांब आजच रोवलेत. मी त्याच्याशी बोलणार नाही.

११ मे
लेआंद्र तारा आणायला गेलेला. मागच्या शेतात गेले, तर ओदील त्याचे खांब उपटतेय. मागच्या कडेवर मोजायची दोरी ताणलेली, तिचं दुसरं टोक — फिलोमेनच्या हातात!

"बघत काय उभ्या राहिलात, आत्याबाई? मध्य दाखवा. माझ्या पोटी तीन मुलीच आहेत; उद्या त्यांच्या वाट्यालाही असा तिकोनच यायचा."