भाणाखालची आग

प्रिय मालू,

तुला मी कधी पत्र लिहिलं नाही. एका घरात राहणाऱ्या जावांनी एकमेकींना पत्रं कशाला लिहायची? चूल एक, विहीर एक, भांडण झालं तर तेही तोंडावर. आता तू जाऊन तीन महिने झाले, म्हणून हा कागद. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, चालवून घे.

लिहायचं कारण सांगते. येत्या रविवारी देवळाच्या मांडवात खाजनाची, आपल्या खाडीकाठच्या खाऱ्या शेताची, बैठक आहे. आपल्या बायकांच्या गटाने यंदा शेत केलं नाही तर कमिटी ते कोळंबीवाल्याला देणार. म्हणजे बांधाचं दार उघडं ठेवायचं, खाडीचं पाणी कायमचं आत, आणि भात संपलं. बायका शेत करायला तयार नाहीत. का नाहीत, त्याची खरी गोष्ट मला ठाऊक, आणि मला वाटतं तुलाही ठाऊक होती. तिसऱ्या कुणाला नाही.

तुझ्यासाठी शोकसभा केली ग. बॅनर लावला, त्यावर तुझा मतदान कार्डावरचा फोटो, घाबरलेल्या कोंबडीसारखा. पंच म्हणाला, मालतीताई म्हणजे चालतंबोलतं विद्यापीठ. ताई! जन्मभर तुला कुणी ताई म्हटलं होतं काय? माईक माझ्यापुढे धरला तेव्हा मी म्हटलं, घसा बसलाय. घसा ठीक होता.

संस्थेची ती दीपाली शेतीचं शिकवायला पहिल्यांदा घरी आली, तेव्हा मी तिला दारातच विचारलं होतं, तुझ्या हाताला कधी चिखल लागलाय काय. तू मागून येऊन तिला पाणी दिलंस आणि दुसऱ्या दिवशी वही घेऊन शिकायला निघालीस. पन्नाशी उलटलेली बाई! भात कसं करायचं ते वहीत बघून शिकणार काय, असं मी म्हटलं. तू चप्पल घालता घालता म्हणालीस, "वयनी, तुका येता ता तू माका कधी सांगलंस?"

मी कळशी उचलून विहिरीवर गेले.

खाजन तेव्हा कितीतरी वर्षं पडून होतं. बांध फुटला, खारं पाणी आत शिरलं, कुणी वळून बघितलं नाही. सगळी हरमलला जायला लागली, पर्यटकांच्या खोल्यांच्या चादरी धुवायला, किनाऱ्यावरच्या शॅकवर भांडी घासायला. हातात रोकड येते, त्यांना तरी काय म्हणायचं? तरी तू दहा-अकरा बायका जमवल्यास आणि कंबरभर चिखलात उतरून बांध घातलात. मी काठावर उभी राहून चुका काढायचे. दगड असा नको, माती तिथली नको. तू एक दिवस वैतागून म्हणालीस, काठावरून बोलायचं तर निदान चहा तरी आणत जा. दुसऱ्या दिवसापासून मी चहा आणला. चुकाही काढल्या.

खाऱ्या जमिनीत कोरगूटच येतं. ते भात आपल्या वाड्यावर कुणाकडे उरलं नव्हतं, तू माहेरच्या काकीकडून बी आणलंस. मग दीपालीने सगळ्यांसमोर ते मिठाच्या पाण्यात घालून दाखवलं. वर तरंगतं ते पोकळ, काढून टाकायचं, तळाला बसतं ते धुऊन पेरायचं. बायका एकमेकींकडे बघत होत्या. बी मिठात घालतात काय कोण! मीही हसले होते.

ते धुतलेलं बी तू घरी आणून मोड आणायला भिजत घातलंस. आणि घातलंस कशात? तांब्याच्या भाणात! मालू, खरं सांग, तुला दुसरं भांडं मिळालं नाही? त्या भाणात मी लग्न होऊन आल्यापासून उकड्या तांदळासाठी भात भिजवते आणि सकाळी खाली आग घालते. भाणात भिजलेलं भात दिसलं की माझा हात काडेपेटीकडे जातो. त्याला मी काय करू?

तू बांधावर जाताना मला सांगून गेली होतीस म्हणे. सांगितलं असशील. मी तेव्हा पोदेराशी भांडत होते, पाव दिवसेंदिवस लहान होत चाललेत म्हणून. मला कुणाचं पुरतं ऐकून घ्यायची सवय नाही, हे तुझ्याहून जास्त कुणाला माहीत?

वाफ वर आली तेव्हा डोक्यात उजेड पडला. लाकडं ओढली, पाणी ओतून दिलं, वर विहिरीचं थंड पाणी घातलं. तूस फुटलं नव्हतं. मी स्वतःला समजावलं, नुसतं गरम झालंय, बी काय मेणाचं आहे? ते टोपलीत भरलं, वर गवत घातलं, ओलं पोतं टाकलं, तू करतेस तसंच. माझ्या हाताला ते बरोबर येतं.

संध्याकाळी तू आलीस. भाणाखालची राख बघितलीस. टोपलीतला एक दाणा नखाने सोलून दाताखाली धरलास. आणि विचारलंस, "वयनी, भाणाखाली आग घातलंस?"

मी म्हटलं, "न्हाणाचां पाणी तापयलंय."

"बरां," तू म्हणालीस, आणि हात धुवायला गेलीस.

एवढंच. त्या एका 'बरां'वर मी दोन वर्षं काढली.

चौथ्या दिवशी टोपलीतून आंबूस वास आला. एकाही दाण्याला मोड नाही. बायका येऊन बघून गेल्या. पार्वती तर आल्या आल्या म्हणाली, मी सांगत होते, बी मिठाने मेलं. झालं, तेच गावभर झालं. दीपालीला सांगितलं, बाई, तुमचं शिक्षण तुमच्याकडे ठेवा. बायका परत हरमलला गेल्या. खाजन तसंच राहिलं. तुला बाजारात विचारायचे, मालू, माशांना मीठ लावलंस की भाताला?

खाऱ्या जमिनीत उगवणारं बी चार घटका मिठाच्या पाण्यात मरतं कसं, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. माझ्या आलं होतं. मी बोलले नाही.

तू का नाही बोललीस? दाणा चावलास तेव्हाच तुला कळलं असणार. उकडलेलं भात कसं लागतं ते आपल्या घरात शेंबड्या पोराला कळतं! मला लाज वाटू नये म्हणून गप्प राहिलीस? की मी आपणहून सांगेन म्हणून वाट बघत होतीस? पहिलं असेल तर तू फार चांगली होतीस. दुसरं असेल तर मला रोज सकाळी चहा देताना तुझ्या मनात काय असायचं, ते मला कधीच कळायचं नाही. ह्या गोष्टीचा मला तुझा राग येतो. माझ्याशी एकदा कडकडून भांडली असतीस तर मी रागाच्या भरात खरं बोलले असते. माझी ती एकच चांगली सवय आहे, आणि तू ती वापरली नाहीस.

आपली नणंद म्हणायची, सुभद्रेला माफी मागायला सांगू नका, तिचे दात पडतील. दात तसेही पडले. माफी राहिली.

तू गेल्यावर माळा झाडायला चढले तर कौलाखाली गवताची मुडी टांगलेली. सोडून बघितली, आत कोरगूट. मग आठवलं, बांधाच्या कोपऱ्यात तू हातभर तुकडा लावायचीस, गुरांसाठी गवत म्हणायचीस. काकीकडे परत जाऊन पसाभर बी मागून आणलं असशील. दोन पावसाळे तू ते वाढवत होतीस, आणि मी ताटात मासा कापला की शेपटीकडचा तुकडा तुला वाढत होते.

गेल्या आठवड्यात दीपाली परत आली. बिचारी उन्हातून स्कूटर घेऊन आली, बायकांना मांडवात बसवलं, म्हणाली बी मी शोधते, तुम्ही हो म्हणा. पार्वती म्हणाली, "एकदा मीठ घालून बी मारलंस, आता आमकां मारतलंस?" सगळ्या हसल्या. दीपालीने मान खाली घातली. मी तिथेच होते मालू, खांबाला टेकून. तोंड उघडलं आणि मिटलं. बहात्तर वर्षांची बाई, आणि पार्वतीला घाबरते!

घरी आले आणि मुडीतलं मूठभर बी काढलं. पातेल्यात मीठ घातलं. किती घालायचं ते तुझ्या वहीत होतं: अंडं तरंगेपर्यंत. अंडं तरंगलं. पोकळ दाणे वर आले, काढून टाकले. बाकीचे धुतले, रात्रभर भिजवले, फडक्यात बांधून ठेवले. ह्या वेळी चुलीजवळ फिरकलेही नाही. तिसऱ्या दिवशी फडकं सोडलं तर पांढरे मोड, सगळ्यांना, एकसारखे. मी तिथेच जमिनीवर बसले. रडले वगैरे नाही. एकेक मोड मोजत बसले.

आता ऐक. रविवारी ते फडकं घेऊन मी मांडवात जाणार. कमिटी असेल, कोळंबीवाला असेल, पार्वती तर असणारच. उभी राहून सांगणार की मीठ नव्हे, आग होती, आणि आग मी घातली, आणि मालूला ठाऊक असून ती बोलली नाही. त्या हसतील, शिव्या देतील, देऊ देत. मुडीतलं बी सगळ्या खाजनाला पुरणार नाही, पण पहिल्या वाफ्याला पुरेल, आणि पुढच्या वर्षी त्याचंच बी होईल. एवढं ऐकूनही शेत कोळंबीला दिलं तर निदान खरं काय ते कळून देतील.

आणि दीपालीला सांगणार, तुझ्या शिकणाऱ्यांच्या यादीत मालूच्या जागी माझं नाव घाल. काठावरून नाही, आत उतरून शिकेन. वही नवीन घेते, तुझी मी लिहून खराब करणार नाही. मात्र वर्गात टाळ्या वाजवायला नि खेळ खेळायला लावले तर उठून घरी येईन, हे तिला आधीच सांगून ठेवते.

माझं चुकलं, मालू.

तुझी वयनी,
सुभद्रा