टेकडीयोग्य टायरचा सखोल अभ्यास

३ ऑगस्ट, रविवार. सकाळी १०

निश्चय झाला. कन्या ३१ तारखेला हॉस्टेलला जाणार. त्याआधी एकदा बाबांबरोबर सायकलवरून टेकडीवर, अगदी वरच्या बाकापर्यंत जायचंय, असं काल जेवताना म्हणाली. दोघंच, असंही म्हणाली. घरात आई आहे, मैत्रिणींची तर फौज आहे, पण मागणी माझ्याकडे आली. छाती फुगली. लगेच हो म्हटलं.

फक्त टायरचा प्रश्न सोडवायचा आहे. मार्चमध्ये नवी माउंटन बाइक घेऊन गेलो, तर पहिल्याच वळणावर खडीत सरकून पडलो. कन्येदेखत. गुडघा फुटला, चष्म्याची काडी मोडली. बाइक तेव्हापासून बाल्कनीत उभी आहे. दोष संपूर्णपणे टायरचा. कंपनी बाइकबरोबर जे टायर देते ते बाइक दुकानातून घरी नेण्यापुरते असतात.

चार आठवडे हातात आहेत. चार आठवड्यांत लोक भाषा शिकतात.

४ ऑगस्ट, सोमवार

ऑफिसात वाचन. कोरड्या घट्ट मातीला बारीक, जवळजवळचे नॉब. सुट्या खडीला मध्यम. चिखलाला उंच आणि लांब लांब, म्हणजे चिखल अडकून बसत नाही. ओल्या दगडांना मऊ रबर. नॉब म्हणजे टायरवरचे उंचवटे. बायको त्यांना फोड म्हणते.

आमच्या टेकडीवर हे चारही प्रकार आहेत. म्हणजे चार जोड्या टायर. किंवा एकच जोडी, पण अभ्यासपूर्ण.

मध्येमध्ये कामही केलं. लोकांच्या घरांचे नकाशे तपासणे हे माझं काम. एकोणीस वर्षं करतोय. आज तीन फायली परत पाठवल्या. शेरा नेहमीचाच: ‘जागेवर जाऊन माप घेतलेले दिसत नाही.’ लोक घर बांधायला निघतात आणि टेप लावत नाहीत. काय म्हणायचं अशा माणसांना?

६ ऑगस्ट, बुधवार

टेकडीसाठी स्वतंत्र वही केली. कॉलम: दिनांक, वेळ, वाट, टायर, शेरा. कन्येने आखून दिले. तिची रेघ पट्टीशिवायही सरळ येते, हा गुण माझा.

जायचं कधी, असं तिने विचारलं. रविवारी, म्हणून सांगितलं. खुशीत गेली.

९ ऑगस्ट, शनिवार. संध्याकाळी

तळमजल्यावरचे काका रोज पहाटे टेकडी चढून येतात. वय एकाहत्तर. पायात जुने सँडल, त्यातल्या एकाचा पट्टा दोरीने बांधलेला. त्यांच्याकडून वाटेची माहिती घ्यायला गेलो. मातीचा पोत कसा आहे, चढावर पकड मिळते का, असं सगळं पद्धतशीर विचारलं. काकांनी बराच विचार केला आणि म्हणाले, वाट वर जाते आणि तीच खाली येते.

वहीत लिहिलं: ‘स्थानिक माहिती अविश्वसनीय.’

१० ऑगस्ट, रविवार. दुपारी १

गेलो, पण सायकलने नाही. आधी मातीचे नमुने हवेत हे पहाटे ध्यानात आलं. कन्या सहाला हेल्मेट घालून दारात उभी होती. तिला समजावलं. हेल्मेट काढून तिने जॅमच्या पाच रिकाम्या बाटल्या पिशवीत घेतल्या. पहिल्या वळणापर्यंत चालत गेलो, पाच जागची माती भरली. त्याच वळणावर ती मिनिटभर थांबून वर बघत होती. मी म्हटलं, चल, नमुने तापतील.

तिला प्रत्यक्ष संशोधन जवळून बघायला मिळालं. कुठल्या मुलीला मिळतं?

तिच्या सायकलचे टायरही बघून घेतले. नववीपासून तेच आहेत. तुळतुळीत. माझ्या डोक्यासारखे, असं ती म्हणाली. हा विनोद आईकडून आला.

१२ ऑगस्ट, मंगळवार

घात. बायकोने ‘नमुना क्र. ३, चिकट ओली’ कुंडीत ओतला. बाटली धुऊन त्यात साखर भरली. खूप बोललो. तीही बोलली. स्वयंपाकघराच्या खिडकीत माती ठेवणारा माणूस तिने आयुष्यात पाहिला नव्हता म्हणे. एवढाच प्रश्न असेल तर तिची सायकल घे आणि जा, असंही सुनावलं.

तिची सायकल! पुढे बास्केट, मागे कॅरिअर, टायर कागदासारखे गुळगुळीत. असल्या वाटेवर ती नेणं म्हणजे आत्महत्या, हे चार मुद्द्यांत समजावून सांगितलं. दुसऱ्या मुद्द्याला तिने मिक्सर लावला. मिक्सर थांबल्यावर म्हणाली, मग एक दिवस मीच जाते तिला घेऊन.

हसू आलं. पण चेहऱ्यावर दाखवलं नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

टायरमध्ये हवा किती भरायची हे स्वाराच्या वजनावर ठरतं. वजन केलं. काटा ८४ दाखवतो. काटा जुना आहे. वहीत ७९ लिहिलं.

निश्चय: उद्यापासून जिने चढायचे, लिफ्ट बंद.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

लिफ्ट चालू होती, म्हणून वापरली.

१७ ऑगस्ट, रविवार. सकाळी ९

गेलो नाही. पहाटे पाचला भुरभुर, सहाला ऊन. म्हणजे वाट अर्धी ओली, अर्धी कोरडी. सगळ्यांत दगाबाज अवस्था. इंटरनेटवरच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर विचारलं, तर सात जणांनी सात टायर सांगितले आणि आठव्याने विचारलं की काका, आजवर एकूण किती किलोमीटर चालवली आहे? त्याला ब्लॉक केलं.

कन्या बरं म्हणाली आणि हेल्मेट खुंटीला लावलं. अजिबात वाद घातला नाही. किती समजूतदार झाली आहे पोरगी.

२१ ऑगस्ट, गुरुवार. दुपारी

ऐतिहासिक दिवस. निर्णय झाला. पुढे उंच नॉबचा चिखलाचा टायर, कारण वळताना पकड पुढच्याची. मागे मध्यम नॉबचा, कारण चढावर तो हलका फिरतो. रबर मऊ. कडा जाड. असा विचार शहरात दुसऱ्या कुणी केला असेल असं वाटत नाही.

ऑफिसातूनच ऑर्डर केली. सगळं भरून झाल्यावर साइटवर एका चौकोनात साइज विचारतात. ‘सर्वांत जास्त खपणारी’ अशी खूण होती, तीच निवडली. किती बारीकसारीक तपशिलात शिरायचं यालाही मर्यादा असते.

त्याआधी दोन फायली परत पाठवल्या. जिन्याची रुंदी अंदाजे लिहिली होती. अंदाजे! साहेबांनी त्यावर माझं कौतुक केलं. तुमच्या नजरेतून काही सुटत नाही म्हणाले.

२४ ऑगस्ट, रविवार. सकाळी ११

गेलो नाही. पार्सल वाटेत आहे. नवे टायर येत असताना जुन्यांवर जाणं हा तीन आठवड्यांच्या मेहनतीचा अपमान.

कन्येची बॅग भरणं सुरू आहे. कपड्यांच्या घड्या घालता घालता ती सांगत होती, की सहा वर्षांची असताना मी तिला पार्किंगमध्ये सायकल शिकवली. मागून कॅरिअर धरून धावत होतो, पायात बाथरूमच्या स्लिपर होत्या, आणि मी कॅरिअर कधी सोडलं ते तिला कळलंच नाही. मलाही आठवलं. तेव्हा टायरचा विषय निघाला नव्हता.

शनिवारी नक्की, असं तिला सांगितलं. शेवटचा शनिवार आहे बाबा, म्हणाली. मला तारखा कळतात.

२७ ऑगस्ट, बुधवार. संध्याकाळी ६

पार्सल शुक्रवारी येणार असा मेसेज. आता माघार नाही! मन मध्येच डळमळू नये म्हणून जुने टायर काढले आणि काकांची करवत आणून दोन्ही कापून टाकले. काठाच्या तारेने दमवलं, पण सोडलं नाही. काका बघायला आले होते. चांगले होते की, एवढंच म्हणाले. एक तुकडा फ्रिजच्या हलणाऱ्या पायाखाली सरकवला. फ्रिज एकदम स्थिर. बायकोने महिन्यात पहिल्यांदा टायरबद्दल चांगला शब्द काढला.

२९ ऑगस्ट, शुक्रवार. संध्याकाळी ७.३०

पार्सल आलं. काय ते टायर! एकेक नॉब मोजावा असा. हॉलभर नव्या रबराचा वास. कन्येने वास घेतला आणि म्हणाली, उद्या सहाला ना? मी म्हटलं, पावणेसहाला.

दोन्ही चाकं आणि दोन्ही टायर रिक्षात घालून कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. कन्याही आली. पंक्चरवाला बादलीत एक ट्यूब बुडवून बुडबुडे बघत होता. मी त्याला पकड, रबराचा मऊपणा आणि चिखल गळून पडण्याचं तत्त्व सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग हात पुसले, नवा टायर उचलला, माझ्या चाकावर ठेवला आणि सोडून दिला. टायर चाकाभोवती लग्नातल्या हारासारखा लोंबला.

माझं चाक साडेसत्तावीस इंचांचं आहे. टायर एकोणतीसचे.

माप घेतलं नव्हतं का, असं पंक्चरवाल्याने विचारलं. अगदी साध्या आवाजात, टोमणा वगैरे काही नाही. साडेसत्तावीसचा टायर त्याच्याकडे नव्हता, सोमवारी मागवून देतो म्हणाला. जुने टायर असतील तर आत्ता चढवून देतो, असंही म्हणाला.

कन्या फ्रिजबद्दल काही बोलली नाही. दोन्ही नवे टायर खांद्याला अडकवून घरापर्यंत तिनेच आणले.

३० ऑगस्ट, शनिवार. सकाळी ६.४०

पावणेसहाला त्या दोघी गेल्या. कन्या तिच्या तुळतुळीत टायरवर, बायको बास्केटच्या सायकलवर. बास्केटमध्ये पाण्याची बाटली आणि बिस्किटं. तू चालत मागून ये, असं बायको म्हणाली. मी म्हटलं कंपनीला तक्रार लिहायची आहे, साइटवरचा चौकोन दिशाभूल करणारा आहे. कन्या जिन्यात थांबली होती. ऐकलं आणि उतरून गेली.

तक्रारीत पहिलं वाक्य लिहिलं: ‘आपण ग्राहकाच्या चाकाचे माप विचारले नाही.’ विचारलं होतं. खोडलं.

सकाळी ९.१५

आल्या. गुडघ्यापर्यंत चिखल, तोंडं लाल. बायको एकदा पडली. कोपर खरचटलंय आणि ते ती ज्याला त्याला दाखवते आहे, काकांनाही दाखवून आली. पहिल्या वळणावर उतरून सायकल हाताने ढकलत नेली म्हणे. खडीत सगळे तेच करतात, काकांनीच तिला सांगितलं होतं. वरच्या बाकावर बसून बिस्किटं खाल्ली. दोघी एकमेकींचं वाक्य तोडून बोलत होत्या. मी चहा केला.

उतरून ढकलायचं. हे कुठेच वाचलं नव्हतं.

ही वही कुणी वाचणार नाही, तेव्हा लिहून टाकतो. टायरचं काही नव्हतं. मार्चमध्ये पडलो तेव्हा कन्या घाबरून धावत आली आणि मला उठवायला तिने हात दिला. मला तो हात धरून उठावं लागलं. तेव्हापासून त्या वळणाची भीती वाटते. तिच्यासमोर पुन्हा पडायची भीती वाटते. बस.

३१ ऑगस्ट, रविवार. दुपारी ३

गेली. बस वेळेवर सुटली. आत चढायच्या आधी तिने मला घट्ट मिठी मारली आणि वजन खरं सांगा, ८४ ना, असं कानात विचारलं. हो म्हटलं. खिडकीतून हात हलवत राहिली. मीही हात हलवला. बायकोने चष्मा पुसायला रुमाल दिला.

घरी येऊन टेकडीची वही आवरायला घेतली. रद्दीत टाकणार होतो. शेवटच्या पानावर कन्येच्या अक्षरात एक नोंद आहे, सगळे कॉलम भरलेले:

दिनांक: ३० ऑगस्ट. वेळ: सकाळी ५.४५. वाट: थोडी ओली, थोडी कोरडी, मस्त. टायर: होते ते. शेरा: बाबा आले नाहीत.

एकोणीस वर्षं फायली तपासतोय. दोनदा वाचलं, तीनदा वाचलं. तारीख बरोबर, वेळ बरोबर, जागेवर जाऊन घेतलेली नोंद. परत पाठवायला काही सापडलं नाही.

खाली ‘तपासले, बरोबर आहे’ असं लिहून सही केली.