तिसऱ्या बाकापर्यंतचा उजेड

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, आरसे बनवणाऱ्याची विधवा आणि घरामागच्या काचघराची मालकीण, हा कागद माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी तपासून तसं लिहून दिलंय. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असं वकील म्हणाले. माझ्यावर कुणाचंही दडपण नाही. दडपण आणायला जे आले ते काय ऐकून गेले हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही, आणि पुन्हा करण्याइतका धीर माझ्यात नाही.

कलम १. राहतं घर, त्यातल्या सामानासकट, माझ्या मुलाला. मुलगा गुणाचा आहे. दर रविवारी न चुकता फोन करतो आणि गोळ्या घेतल्या का म्हणून विचारतो. मात्र मागच्या खेपेला अंगणात उभा राहून म्हणाला, "आई, ते काचेचं खूळ काढून टाकलं तर दोन गाड्या आरामात उभ्या राहतील." त्याच्याकडे गाडी एकच आहे. म्हणून घर त्याचं मागच्या दाराच्या उंबऱ्यापर्यंत. उंबऱ्यापलीकडे त्याने चपला काढून, पाहुण्यासारखं जावं.

कलम २. बँकेतली ठेव निम्मी मुलाला, निम्मी काचघराच्या डागडुजीला. यावर वाद घालू नये.

कलम ३. काचघर, त्याखालची जमीन, रोपं ठेवायचे तिन्ही बाक, पाण्याची टाकी आणि त्या दिवशी जी रोपं असतील ती सगळी माझ्या पुतणीला, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांच्या मुलीला. आठ वर्षं ती माझ्या हाताखाली आहे. पान मलूल व्हायच्या आधी तिला रोपाची तहान कळते. मला अजूनही नंतरच कळते. तिच्या वडिलांशी माझं बोलणं नाही, तरी पोरगी एक दिवस खाडा न करता यायची. वडिलांनीही तिला कधी अडवलं नाही, हे इथे नोंदवते.

कलम ४. हे कलम कायद्याला नको आहे, मला हवं आहे.

काचघराच्या पूर्वेला भावोजींचं, म्हणजे याच धाकट्या दिरांचं घर. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी त्यावर दोन मजले चढवले. सकाळचं ऊन अकरापर्यंत येईनासं झालं. दुपार कलली की पश्चिमेकडून आमच्याच घराची सावली पडते. मधल्या मध्ये रोपं उजेडासाठी माना लांब करून काडीसारखी वाढायला लागली आणि आडवी पडायला लागली. तिसऱ्या बाकावर तर काहीच धरेना.

तेव्हा ह्यांनी उपाय काढला. जन्म आरशांत गेलेला, दुसरं सुचणार काय? गिऱ्हाइकांनी परत आणलेले सव्वीस आरसे कारखान्यात पडून होते. किंचित खोलगट झालेले, त्यात तोंड जाड दिसायचं. फुकट जाण्यापेक्षा बरे, म्हणून ह्यांनी ते काचघराच्या उत्तरेकडच्या भिंतीवर आतून खिळ्यांनी ठोकले. काय लखलखाट झाला म्हणून सांगू! मी टाळ्या वाजवल्या. दुपारी दोनपर्यंत ढोबळी मिरचीच्या तीनशे रोपांवर तपकिरी चट्टे उठले. जो आरसा तोंड मोठं दाखवतो तो ऊन एका जागी गोळा करतो, हे आरसेवाल्याच्या घरात कुणाला सुचलं नाही.

आम्ही दोघं तोंडात मारल्यासारखे उभे होतो आणि भावोजी त्यांच्या नव्या गच्चीतून वाकून म्हणाले, "वहिनी, मिरच्या लावताय की भाजताय?"

त्यांनी थट्टाच केली होती. त्यांचा स्वभावच तसा. पण माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "आमचं ऊन खाऊन वर दात काढताय? आजपासून तुमचं तोंड बघणार नाही!" असं मी ओरडले, आणि शब्दाची पक्की असल्यामुळे अकरा वर्षं पाळलं. हे गेले तेव्हा भावोजी तीन दिवस आमच्या दारात बसून होते. मी त्यांच्याकडे पाठ करून बसले. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे.

पुढे आरसे उतरवले. खिळ्यांची भोकं दिसू नयेत म्हणून भिंतीला चुना मारला, एवढंच. आठवड्याभरात त्या भिंतीजवळची रोपं ताठ झाली. आम्ही डोळे चोळून पाहत राहिलो. आरसा उजेड एकीकडे फेकतो. चुना तो सगळीकडे पसरतो. ह्यांनी उलट्या टोपलीवर बसून बराच वेळ भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "चाळीस वर्षं चुकीचा धंदा केला की काय?" मग दोघंही पोट धरून हसलो. त्या दिवसाइतकी मी पुन्हा हसलेली नाही.

कलम ५. पुतणीसाठी. उत्तरेची भिंत वर्षातून दोनदा पांढरी करायची. बाकांखाली पांढरं कापड अंथरायचं, नाहीतर खालच्या पानांना काहीच मिळत नाही. उजेड रोपांवर परतवायच्या चंदेरी कागदाच्या चौकटी फक्त थंडीत लावायच्या. चौकटीवर मी खडूने खुणा केल्या आहेत, चौकट तिरपी करायची दोरी त्याच खुणेपर्यंत ओढायची. तुझं डोकं त्यात चालवायचं असेल तर माझ्यानंतर चालव. कागदाला पोक आला की तो काढून फेकायचा. दर पंधरवड्याला मऊ फडक्याने पुसायचं, कारण धुळीइतका उजेड कुणीच खात नाही, भावोजीसुद्धा नाहीत. फोटोवाल्याकडून आणलेला उजेड मोजायचा मीटर तुलाच. तू मोबाइलवर मोजतेस आणि तुझा आकडा माझ्याशी जुळतो, हे मी आजवर कबूल केलं नव्हतं.

कलम ६. काच कापायची हिरकणी कोपऱ्यावरच्या काचवाल्याला. वीस वर्षं मागतो आहे, आता घे म्हणावं. ज्या दुकानदाराने मला "उन्हाची गरजच नाही" असं सांगून जांभळे दिवे विकले, त्याला ते दिवे परत. ते एक महिना टिकले. सोबत वायरीही द्याव्यात.

कलम ७. माझे धाकटे दीर यांना ह्यांच्या हातचा बिनखोटीचा मोठा आरसा.

आणि हे कलम इथे संपत नाही. चार वर्षांपूर्वी भावोजींच्या घराची आमच्याकडची भिंत रंगवायला निघाली. आधी ती मातकट तपकिरी होती. मी रंगाऱ्याला हटकलं, "आता कोणता काळा लावताय?" तो म्हणाला, "पांढरा, बाई. मालकांनी बजावलंय, चकाकी अजिबात नको. चकाकीने रोपं भाजतात म्हणे." मी आत येऊन खुर्चीवर बसले. दुपारी आमच्या घरावरून ऊन त्या उंच भिंतीवर पडतं आणि खाली काचघरात उतरतं. त्या दिवसापासून तिसऱ्या बाकावर मीटरचा काटा दीडपट वर आला. आता तिथे टोमॅटोची रोपं अशी जोमात आहेत की बघत राहावं.

तर खरी गोष्ट ही आहे. काचघर मी पुतणीला देऊ शकते, पण ते ज्या भिंतीवर जगतंय ती माझी नाही. एका जाहिरातवाल्याने त्या भिंतीवर मोठा बोर्ड लावायची परवानगी मागितली आहे. बोर्ड लागला की तिसरा बाक गेला, आणि त्या बाकावरची रोपं विकूनच पुतणीचं पोट चालतं. "मी बाबांशी बोलू का, काकू?" असं तिने दहादा विचारलं. मी म्हटलं, भांडण माझं आहे, तू मध्ये पडायचं नाहीस. आणि स्वतः बोलायला माझी जीभ उचलली नाही. म्हणून इथे लिहिते: भावोजी, भिंत पांढरी केलीत ते मी पाहिलं. उपकार झाले. बोर्ड लावू नका.

—

वरचं लिहून झालं आणि सह्यांची वेळ आली. पुढचं त्याच दिवशी, काचघरात तिसऱ्या बाकाशी मांडलेल्या त्याच टेबलावर लिहिलं आहे.

पहिल्या साक्षीदार डॉक्टरीणबाई वेळेवर आल्या. दुसरे साक्षीदार म्हणून औषधवाले यायचे होते. त्यांच्या दुकानात माल उतरत होता म्हणून आले नाहीत. वकिलांना घाई. पुतणी उठून शेजारी आपल्या घरी गेली आणि वडिलांना घेऊन आली. भावोजी काचघराच्या दारात थबकले. केस पार पिकलेत. अकरा वर्षांत मी त्यांना नीट पाहिलंच नव्हतं.

"मला हे वाचावं लागेल का?" त्यांनी वकिलांना विचारलं.

"नाही. बाई सही करताना बघायचं आणि मग आपली करायची. फक्त कागदात तुम्हाला काही दिलेलं असेल तर साक्षीदार होता येत नाही, दिलेलं रद्द होतं."

"मग प्रश्नच नाही," भावोजी खिशातून पेन काढत म्हणाले. "माझं काय असणार त्यात?"

ते सहज बोलले. मी जे लिहून ठेवलं होतं ते मी मेल्यावर त्यांना कुणी वाचून दाखवणार होतं. तोवर ते हेच धरून चालणार होते की वहिनीच्या कागदात आपल्यासाठी एक अक्षर नाही.

मी पेन घेतलं आणि सातवं कलम आडवी रेघ मारून खोडलं. मग मान वर केली. "भावोजी, भिंत पांढरी केलीत. चार वर्षं झाली."

"मला वाटलं तुम्हाला दिसलंच नाही."

"रोज मोजत होते," मी म्हटलं, आणि मला रडू आलं. पुतणी टोमॅटोच्या रोपांकडे तोंड करून उभी राहिली. वकिलांनी घड्याळ बघायचं सोडलं. "मी तेव्हा फार वाईट बोलले. ह्यांच्या वेळीही चुकले. आणि तो बोर्ड लावू नका हो."

भावोजींनी चष्मा काढून पुसला. "जाहिरातवाल्याला सहा महिने लटकवून ठेवलंय," ते म्हणाले. "म्हटलं, त्या निमित्ताने तरी वहिनी भांडायला येतील."

सबब जाहीर करते की कलम सात मी समजून-उमजून रद्द केलं आहे. त्यातला आरसा पुतणीला. काचघरात लावू नये. त्यातला निरोप ज्याचा त्याला मी जिवंतपणी तोंडी पोचवला असल्याने कागदावर ठेवण्याचं कारण उरलेलं नाही. बाकीची कलमं कायम.

सही: काचघरवाली

आमच्यादेखत सही केली:

१. डॉक्टरीणबाई, चौकातला दवाखाना

२. सही करणारीचे धाकटे दीर. या कागदातून काहीही न मिळालेले.

ठिकाण: काचघर, तिसरा बाक
तारीख: ९ डिसेंबर, दुपारी पावणेचार, ऊन भिंतीवर असताना