कोट राहिलेलं चित्र

हौगांग, सिंगापूर
२ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांना प्रियदर्शिनीचा सविनय जयभीम.

फोनवर तुम्ही ‘जेवलीस का?’ एवढंच विचारता आणि ठेवून देता, म्हणून हे पत्र. मी जेवते. तांजोंग पगारला ऑफिसजवळ हॉकर सेंटर आहे, एका छपराखाली खाण्याचे ठेले. एकट्या माणसाला तिथे जागा लगेच मिळते.

तेरा एप्रिलच्या रविवारी इथली आपली मंडळी बाबासाहेबांची जयंती करणार आहेत. सुलेखाताई छापील फोटो आणणार होत्या. मी सगळ्यांसमोर सांगून बसले की माझे बाबा चाळीस वर्षं पाट्या आणि बाबासाहेबांची चित्रं रंगवतात, चित्र कामठीहून येईल. हाताने काढलेल्या चित्रासमोर एक माणूस कित्येक दिवस बसलेला असतो. छापील फोटोला ते कुठून येणार? पाठवाल ना?

तुमची,
प्रियदर्शिनी


कामठी
१४ फेब्रुवारी

चि. प्रियदर्शिनीस अनेक आशीर्वाद व जयभीम.

अक्षर शेजारच्या मीनलचे आहे. माझ्या बोटाला खिळा लागला. आमच्या पदवीधर बाईंनी न विचारता शब्द देऊन टाकला, हे काही घरात शिकवले नव्हते. चित्र सुरू करतो, पण यंदा ऑर्डरी फार आहेत. जमले नाही तर छापील फोटो लावा. बाबासाहेब रागावणार नाहीत.

जेवत जा.
बाबा


हौगांग
२४ फेब्रुवारी

ती. बाबांना स. जयभीम.

मीनलला फोन केला. ती म्हणाली, कसला खिळा? बाबा, मागच्या महिन्यात व्हिडिओवर तुम्ही कप ठेवलात तेव्हा बशी वाजत राहिली होती.

लायब्ररीत एक पुस्तक वाचलं. गिल्बर्ट स्टुअर्ट नावाच्या जुन्या अमेरिकन चित्रकाराने त्या देशाचे पहिले अध्यक्ष वॉशिंग्टन यांचा चेहरा रंगवला आणि कोट तसाच सोडला. ते अपुरं चित्र त्याने मरेपर्यंत जवळ ठेवलं, त्यावरून कितीतरी चित्रं केली. म्हातारपणी त्याचा हात थरथरायचा. पाहणाऱ्याला वाटे, आता बिघडणार. आणि ब्रश नेमका जागी टेकायचा.

तुम्ही चेहरा तेवढा करा.

वाट पाहणारी,
प्रियदर्शिनी


कामठी
२० मार्च

चि. प्रियदर्शिनीस आशीर्वाद.

हे मीच लिहितो. हसू नको. ऑर्डरींचं खोटं होतं. पाट्यांचं काम पावसाळ्यापासून बंद आहे. वस्तीत कुणाला सांगितलं नाही; तुझी आई असती तर तिलाही सांगितलं नसतं, तिने ओळखलं असतं.

सकाळी चहाआधी हात जरा शांत असतो, तेवढाच वेळ बसतो. चेहऱ्याला बावीस सकाळी लागल्या. कोटाला पूर्वी एक दुपार पुरायची. तो मी सोडला नाही, पोरी, तो झालाच नाही. तुझा चित्रकार मोठा, त्याला कोण हसणार? चार लोकांत तुझी मान खाली जाईल असं वाटलं, तर चित्र गुंडाळीतून काढूच नको.

बाबा


हौगांग
१४ एप्रिल

ती. बाबांना स. जयभीम.

काल चित्र लावलं. सुलेखाताईंच्या जान्हवीने विचारलं की अंकल निळा कोट द्यायला विसरले का. सगळे हसले. हे मुद्दाम असंच आहे, मोठे चित्रकारही असं करतात, हे सांगायला मी उभी राहिले. भाषण पाठ होतं. पण तोंडातून निघालं की माझ्या बाबांचा हात थरथरतो आणि बावीस सकाळींत त्यांनी एवढं केलं. मग कुणी हसलं नाही. इथल्या मंडळींतले निशिकांतदादा कधी बोलत नाहीत. ते जवळ जाऊन चित्रातल्या डोळ्यांकडे बराच वेळ बघत राहिले. तुम्हाला न विचारता तुमची गोष्ट सांगितली, रागवा.

यापुढे मीनलकडून लिहून घेऊ नका. तुमचं पत्र आलं त्यानंतरच्या रविवारी सकाळी वाचायला बसले. एकेक अक्षर लावत गेले, आणि पान संपलं तेव्हा दिवस मावळत होता. इथे आल्यापासून एवढा छोटा रविवार मला मिळाला नव्हता.

माया आहेच, ती अशीच वेड्यावाकड्या अक्षरात येत राहो.

तुमची,
प्रियदर्शिनी